हळदीची पेवे आणि शहराची शीव

जमिनीचे मोल शेतकऱ्यास विचारले तर तो पिकावरून सांगेल. शहरातील गृहस्थ चौरस फुटांवरून सांगेल. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर गावी मात्र जमिनीचे मोल तिच्या पोटावरून ठरत असे.

1801 साली थोरले चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून विभक्त झाले आणि त्यांनी सांगलीस राजधानी केली. नदीकाठच्या खेड्याचे नगर झाले, व्यापारी आले आणि पुढे हळदीच्या बाजाराने सांगलीचे नाव दूरवर गेले. पण एवढा माल ठेवावयाचा कोठे? त्याचे उत्तर हरिपूरच्या घट्ट मातीने दिले. तोंडाशी अरुंद आणि आत रांजणासारखी रुंद अशी खोल पेवे तेथे खणण्यात आली. हळद भरून तोंड मातीने लिंपले की आत हवा जात नसे, कीड लागत नसे व माल वर्षानुवर्षे टिकत असे. पेव उघडल्यावर आतील दूषित वायू निघून जाईपर्यंत कोणी उतरत नसे. शहराचा व्यापार असा खेड्याच्या भूमीवर विसंबून होता.

1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने शेतजमीन अन्य कामी लावण्यास कलेक्टरांची परवानगी आवश्यक ठरविली. 'बिनशेती' हा शब्द अशा जमिनीस रूढ झाला. हा शब्द जमीन काय नाही एवढेच सांगतो. ती आजवर कोणते काम करीत आली, हे सांगत नाही.

शहरे तर वाढतच राहिली. 1998 साली सांगली, मिरज व कुपवाड यांची एक महानगरपालिका झाली. मधल्या शेतांतून वसाहती उठल्या. शाहूमहाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसविलेल्या साताऱ्याची हद्दही 2020 साली शाहूपुरी, विलासपूरपर्यंत गेली. सांगलीत तर पूर्वी पुराचे पाणी जेथे पसरे, अशा सखल भागांतही घरे झाली. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले, हळद नासली आणि अनेक पेवे कायमची निकामी झाली. 2019 साली कृष्णा त्याहूनही वर चढली. आता माल बहुधा गोदामांत व शीतगृहांत जातो. बुजलेले पेव वरून साध्या मोकळ्या जागेसारखेच दिसते, आणि बाजारही त्यास तसेच मोजतो.

यात दोष कोणाचा? कर्जाने गांजलेला शेतकरी गुंठे विकतो, त्यास लोभी म्हणणे अन्यायाचे आहे. आयुष्याची पुंजी घालून घर बांधणाऱ्या नोकरदारासही अपराधी म्हणता येत नाही. दोघांची गरज खरी आहे. पण नदीस पसरण्यास लागणारी जागा, मालास कोरडे ठेवणारी माती, यांच्या बाजूने सौद्यात कोणीच बोलत नाही. म्हणून शहराच्या शिवेवर जागा पाहावयास जाल, तेव्हा दर विचारण्यापूर्वी गावातील एखाद्या वृद्धास एवढे अवश्य विचारा : येथे पाणी कोठवर येत असे, आणि ही जमीन आजवर काय करीत होती?