नागपूरची ‘शारदा’ : मानसशास्त्रातील एकमेव व्यक्ती आणि सामान्य नियम

प्रस्तावना

मानसशास्त्राने व्यक्तीचा अभ्यास करावा की व्यक्तींना लागू पडणाऱ्या नियमांचा, हा वाद जुना आहे. जर्मन तत्त्वज्ञ विल्हेल्म विंडेलबांड यांनी १८९४ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील भाषणात ज्ञानाचे दोन हेतू सांगितले. नियमांचा शोध घेणारे ज्ञान ‘नोमोथेटिक’ आणि एकदाच घडणाऱ्या घटनेचे वर्णन करणारे ज्ञान ‘इडिओग्राफिक’ होय. स्वतः विंडेलबांड यांनी मानसशास्त्राची गणना पहिल्या गटात केली होती. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात हे शब्द व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात आणले आणि एकेका व्यक्तीची बाजू घेतली. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत हा विषय बहुधा गुणदोषांच्या तक्त्यात संपतो. प्रस्तुत लेखात नागपुरातील एका प्रकरणाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

मराठी भाषिक प्रदेशात नियमान्वेषी परंपरा लवकर रुजली. धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्यांचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कोष्टकांत कोणत्याही मुलाचे नाव नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही. मूल तेथे केवळ वयोगटाचा प्रतिनिधी आहे.

शारदेचे प्रकरण

१९७४ च्या प्रारंभी नागपुरातील एका उच्चशिक्षित, अविवाहित मराठी स्त्रीच्या ठिकाणी ‘शारदा’ नावाचे दुसरे व्यक्तिमत्त्व प्रकट होऊ लागले. त्या वेळी तिचे वय ३२ वर्षांचे होते. शारदा बंगाली बोले, बंगाली स्त्रीप्रमाणे वागे आणि त्या अवस्थेत घरातील मराठी माणसांचे बोलणे तिला समजत नसे. ही अवस्था कधी एखाददुसरा दिवस, तर कधी कित्येक आठवडे टिके. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे बंगालमधील जीवन आणि सर्पदंश ती सांगे. तिने सांगितलेल्या पुरुष नातलगांपैकी काहींची नावे बंगालमधील एका कुटुंबाच्या वंशावळीत आढळली. त्या वंशावळीत स्त्रियांची नावे मात्र नव्हती, त्यामुळे शारदा अस्तित्वात होती की नाही हे त्यावरून ठरू शकले नाही.

व्हर्जिनिया विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी या प्रकरणाचा प्राथमिक वृत्तांत १९८० मध्ये प्रसिद्ध केला. १९८४ च्या न शिकलेल्या भाषांविषयीच्या ग्रंथात स्टीव्हन्सन यांनी ते पुन्हा मांडले. भाषावैज्ञानिक सारा थॉमसन यांनी अशा दाव्यांच्या भाषिक पुराव्यावर आक्षेप घेतले आहेत. त्या स्त्रीने पूर्वी बंगाली वाचण्याचे काही धडे घेतले होते, ही गोष्ट अभ्यासकांनीच नोंदविली आहे. शिवाय नागपूर हे बंगाली माणूस दुर्मीळ असलेले शहर नव्हे. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीची स्थापनाच मुळी १८८७ ची आहे. पुनर्जन्माचा दावा या पुराव्यावर सिद्ध होतो असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

परंतु येथे महत्त्वाचा प्रश्न पद्धतीचा आहे. एकाच व्यक्तीवर शेकडो पृष्ठे लिहिली गेली, म्हणून हा अभ्यास व्यक्तिविशिष्ट ठरतो काय? विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये म्हटले होते की, सर्व कावळे काळे असतात हा नियम मोडण्यास एकच पांढरा कावळा पुरेसा आहे. स्टीव्हन्सन यांना हवा होता तो असा पांढरा कावळा. भाषा किती शुद्ध, नावे किती जुळली, हे त्यांनी कसोशीने तपासले. त्यांची दृष्टी मात्र एका सामान्य सिद्धान्तावर होती. ज्या स्त्रीच्या घरी शारदा येत होती, तिचे स्वतःचे आयुष्य पुराव्याची पार्श्वभूमी म्हणूनच उरले. तत्त्वज्ञ स्टीफन ब्राउड यांनी २००३ मध्ये घेतलेला मुख्य आक्षेप हाच होता की, या संशोधनात मानसिक प्रेरणांचा शोध वरवरचा राहिला. तो आक्षेप रास्त आहे.

याउलट पुण्याचे मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. अकोलकर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘शारदेचा शोध’ या आशयाच्या इंग्रजी लेखात तिचे बालपण, कुटुंब, स्वभाव आणि ओढ यांना जागा दिली. ब्राउड यांना आपली मांडणी करता आली ती बऱ्याच अंशी या सामग्रीमुळे. शारदा का आली, आणि बंगालीच का, हे प्रश्न सरासरीतून सुटत नाहीत आणि वंशावळीतूनही सुटत नाहीत. त्यासाठी मराठी घर, मराठी बोलणे, अविवाहित स्त्रीचे त्या काळातील स्थान जाणणारा अभ्यासक लागतो. (आपल्या विद्यापीठांतील संशोधन-आराखड्यांत ‘नमुना : १’ असे लिहिण्याचे धैर्य किती मार्गदर्शक दाखवितात, हा प्रश्न सहज मनात येतो.)

तरीही मोजणी येथे निरुपयोगी होती असे नाही. शारदेचे येणे बहुधा अष्टमीस, शुक्ल वा वद्य पक्षातील, होत असे, हे तारखा मांडल्यावरच दिसले. ही नियमितता एकाच आयुष्यातील आहे; दुसऱ्या कोणास ती लागू नाही. ऑलपोर्ट १९६२ च्या लेखात अशाच शोधाचा आग्रह धरीत होते, आणि त्यासाठी त्यांनी जुना शब्द टाकून ‘मॉर्फोजेनिक’ हा नवा शब्द सुचविला होता. भारतीय पंचांग हाताशी नसलेल्या अभ्यासकाला मात्र या तारखांत काहीच दिसले नसते.

या अभ्यासांत त्या स्त्रीचे खरे नाव छापले गेले आणि आजही ते जगभरच्या ग्रंथालयांत वाचावयास मिळते. प्रस्तुत लेखात ते दिलेले नाही. धारवाडच्या मुलांना अनामिकतेचे जे संरक्षण कोष्टकाने आपोआप दिले, ते तिला मिळाले नाही.