शोभिवंत मासे : भाज्यांचा आहार
गोड्या पाण्याच्या काचटाकीतील माशांना द्यावयाचा पूरक आहार. गोल्डफिश, मॉली आणि काचेवरचे शेवाळ खरवडणारा प्लेको यांना तो मानवतो. मांसाहारी ऑस्कर त्याला क्वचितच तोंड लावतो. काकडी, दुधी, पालक किंवा सोललेला मटार उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून गार करतात; त्यामुळे पेशीभित्तिका मऊ पडतात. गोल्डफिशला जठर नसते, म्हणून घास लहानच हवा. मीठ, तेल वर्ज्य. नाटे (ता. राजापूर) यासारख्या किनारी गावात परसातली, फवारणी न केलेली भाजी सर्वांत उत्तम, मात्र तिथल्या उष्ण, दमट हवेत ती लवकर कुजते. उरलेले तुकडे काही तासांतच काढावेत. त्यात हयगय झाल्यास पाण्यात अमोनिया वाढून धडधाकट मासेही दगावतात.