रत्नाकर मतकरी यांचे प्रौढ गूढसाहित्य आणि वाचक-प्रतिसाद

रत्नाकर मतकरी (१७ नोव्हेंबर १९३८ – मे २०२०) हे मराठी नाटककार, बालनाट्यकार, कथाकार, कादंबरीकार आणि दिग्दर्शक होते. मुलांसाठी राक्षस व चेटकिणी रंगमंचावर आणणाऱ्या या लेखकाने प्रौढांसाठी गूढकथाही विपुल लिहिल्या. बालकांना गमतीदार भीती दाखवणारा लेखक प्रौढांसाठी गंभीर भयसाहित्य लिहू लागतो, तेव्हा जुना वाचक त्याच्याकडे कोणत्या अपेक्षेने पाहतो, हा प्रश्न जगातील अनेक भाषांत उपस्थित झाला आहे. मराठीत त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण मतकरींचे आहे. त्यांच्या प्रौढ गूढसाहित्याचे स्वरूप, त्याला मिळालेला प्रतिसाद, त्यामागील कारणे आणि इंग्रजीतील तुलनीय उदाहरणे यांचा आढावा या लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी

मतकरी यांचा जन्म मुंबईत झाला. मुंबई विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतल्यानंतर त्यांनी बँक ऑफ इंडियामध्ये सुमारे वीस वर्षे नोकरी केली. १९७८ पासून ते पूर्णवेळ लेखन व नाट्यव्यवसायाकडे वळले. त्यांची पहिली एकांकिका ‘वेडी माणसं’ १९५५ मध्ये आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली. ‘आरण्यक’, ‘लोककथा ७८’, ‘दुभंग’ आणि ‘घर तिघांचं हवं’ ही त्यांची प्रौढ रंगभूमीवरील उल्लेखनीय नाटके होत. २००३ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना नाट्यलेखनासाठी मिळाला, तर २०१८ मध्ये बालसाहित्यातील एकूण योगदानाबद्दल साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

बालरंगभूमीवरील भय

सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या लिटल थिएटरसाठी मतकरींनी ‘मधुमंजिरी’ हे बालनाट्य लिहिले. पुढे १९६२ मध्ये त्यांनी पत्नी प्रतिभा मतकरी यांच्यासह ‘बालनाट्य’ ही संस्था सुरू केली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’, ‘राक्षसराज झिंदाबाद’ आणि ‘अचाटगावची अफाट मावशी’ ही त्यांची बालनाटके विशेष गाजली. ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकिणीची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली होती. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा ती भूमिका वैभव मांगले यांनी साकारली. लहानपणी हे नाटक पाहिलेले प्रेक्षक या वेळी मुलानातवंडांना घेऊन नाट्यगृहात आले.

या नाटकांतील भीतीला एक ठरलेली चौकट असते. चेटकीण कितीही भेसूर असली तरी ती फजीत होणार, हे मुलांना आतून ठाऊक असते. तिच्या भेसूरपणातच विनोद दडलेला असतो. पडदा पडण्यापूर्वी संकट टळते, दिवे लागतात, शेजारी आई किंवा आजी बसलेली असते. मुले ओरडून नायकाला सावध करतात आणि त्यामुळे भीतीवर आपला ताबा असल्याचा अनुभव त्यांना मिळतो. थोडक्यात, बालनाट्यकार मुलांना घाबरवतो, पण सुखरूप घरी पोहोचवण्याची हमीही देतो.

प्रौढ गूढकथा

मतकरींच्या प्रौढ गूढकथांत नेमकी ही हमी काढून घेतलेली दिसते. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘रंगांधळा’, ‘निजधाम’, ‘कबंध’, ‘फाशी बखळ’, ‘ऐक टोले पडताहेत’, ‘संभ्रमाच्या लाटा’ आणि ‘मृत्युंजयी’ हे त्यांचे काही कथासंग्रह होत.

गूढकथा हा प्रकार रहस्यकथेपासून वेगळा मानला जातो. बाबूराव अर्नाळकरांच्या परंपरेतील रहस्यकथेत गुन्हा घडतो, शोध लागतो आणि शेवटी उलगडा होतो. गूढकथेत उलगडा अपुरा राहतो किंवा जो होतो तो मनाला अधिकच अस्वस्थ करतो. भयकथेपासूनही तिचे अंतर आहे. भयकथेत भुताचे अस्तित्व गृहीत धरलेले असते. गूढकथेत ते बाहेर आहे की पात्राच्या मनात, याचा निर्णय अनेकदा वाचकावर सोपवलेला असतो. अपराधीपणा, मत्सर, एकटेपणा आणि कुटुंबातील न बोललेले ताण यांतून मतकरींचे भय आकाराला येते. पडक्या वाड्याइतकीच शहरातील साधी राहती जागाही त्याला पुरते.

या कथांची बांधणी नाटककाराची आहे. संवाद मोजके असतात, प्रसंगाला दृश्यरूप असते आणि शेवटचा धक्का अंकाच्या पडद्यासारखा येतो. त्यामुळे त्या वाचनाइतक्याच श्रवणालाही अनुकूल ठरल्या. त्यांच्या गूढकथांवर आधारित ‘गहिरे पाणी’ ही दूरचित्रवाणी मालिकाही लोकप्रिय झाली.

कादंबऱ्यांमध्ये मात्र मतकरींनी भयाखेरीज इतर वाटाही चोखाळल्या. ‘जौळ’ या कादंबरीचा विषय कौटुंबिक शोकांतिकेचा आहे. तिच्यावरून त्यांनी ‘माझं काय चुकलं?’ हे नाटक लिहिले. स्वतःच्याच कथेवरून त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘इन्व्हेस्टमेंट’ या चित्रपटाला साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. या कृतींत भूतखेत नाही, तरी सुस्थित घरातील माणसे कोणत्या थराला जाऊ शकतात, ही गूढकथांतील धास्ती येथेही कायम आहे.

वाचकांचा प्रतिसाद

मतकरींच्या गूढकथांचा वाचक मुख्यतः दिवाळी अंक आणि सार्वजनिक वा फिरती वाचनालये यांतून घडला. मराठीत ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांसारख्या दिवाळी अंकांनी गूढ, रहस्य, भय आणि विज्ञान या प्रकारांना हक्काची जागा दिली. दिवाळी अंक घरात एकच येतो आणि तो सगळे वाचतात. त्यामुळे प्रौढांसाठीची गूढकथा शाळकरी मुलांच्या हातीही सहज पडे. अनेक मराठी वाचकांची गूढकथेशी पहिली ओळख अशीच, मोठ्यांचा अंक लपून वाचताना झालेली असते.

या प्रतिसादाचे साधारणपणे तीन पदर दिसतात.

पहिला पदर आठवणीचा आहे. बालनाट्ये पाहिलेल्या वाचकाला लेखकाचे नाव परिचित आणि विश्वासाचे वाटते. हा विश्वास गूढकथेत दुधारी ठरतो. वाचक निर्धास्तपणे कथेत शिरतो आणि शेवटी दिवे लागत नाहीत. ज्याने लहानपणी चेटकिणीला हसायला शिकवले त्यानेच मोठेपणी झोप उडवावी, याचे आश्चर्य आणि कौतुक दोन्ही वाचकांना वाटत आले आहे.

दुसरा पदर पालकांच्या चिंतेचा आहे. मुखपृष्ठावर ओळखीचे नाव दिसल्यामुळे प्रौढ कथासंग्रह मुलांसाठी निवडला जाण्याची शक्यता असते. मतकरींच्या गूढकथांत मृत्यू, मनोविकृती आणि क्रौर्य यांना स्थान आहे. त्यामुळे लेखकाच्या नावाऐवजी पुस्तकाचा वाचकवर्ग पाहून निवड करणे पालकांना, शिक्षकांना व ग्रंथपालांना आवश्यक ठरते.

तिसरा पदर साहित्यिक प्रतिष्ठेचा आहे. मराठी समीक्षेने दीर्घकाळ गूढकथा व भयकथा यांना रंजनाच्या कप्प्यात ठेवले. बालसाहित्याचीही गत फारशी वेगळी नव्हती. मतकरी या दोन्ही उपेक्षित प्रकारांत आणि त्याच वेळी प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या प्रायोगिक रंगभूमीवर काम करीत राहिले. वाचकाने मात्र समीक्षेची वाट पाहिली नाही. त्यांच्या गूढकथासंग्रहांच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि पुढे श्राव्य पुस्तकांच्या रूपाने त्या नव्या पिढीपर्यंत पोहोचल्या.

समकालीन संदर्भ

मराठी भयसाहित्यात मतकरींबरोबर नारायण धारप (१९२५–२००८) यांचे नाव घेतले जाते. धारपांचा वाचक प्रथमपासून प्रौढ भयकथेचाच वाचक होता. त्यांच्या कथांत अमानवी शक्तीचे अस्तित्व बहुधा निःसंदिग्ध असते आणि ‘समर्थ’ यांच्यासारखे पात्र तिच्याशी सामना करते. म्हणजे एका अर्थाने बालनाट्यातील रक्षणाची हमी धारपांच्या अशा कथांत टिकून आहे, तर बालनाट्यकार मतकरींच्या गूढकथांत ती नाही. दोघांच्या चाहत्यांमध्ये रंगणाऱ्या तुलनेत हा फरक कळीचा असतो.

इंग्रजीतील तुलनीय उदाहरणे

अमेरिकन लेखक आर. एल. स्टाइन यांचे उदाहरण मतकरींच्या नेमके उलट आहे. १९८९ पासूनची ‘फिअर स्ट्रीट’ आणि १९९२ पासूनची ‘गूजबम्प्स’ या मालिकांमुळे मुलांसाठी भयकथा लिहिणारा लेखक हीच त्यांची जागतिक ओळख बनली. भारतातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील मुलांनाही ‘गूजबम्प्स’ परिचित आहे. स्टाइन यांनी प्रौढांसाठी ‘सुपरस्टिशस’ (१९९५) ही कादंबरी लिहिली. तिचे स्वागत थंडे झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांची ‘रेड रेन’ ही प्रौढ भयकादंबरी प्रसिद्ध झाली. नव्वदच्या दशकातील आपले बालवाचक आता मोठे झाले असून त्यांनीच समाजमाध्यमांवरून अशा कादंबरीची मागणी केली, असे स्टाइन यांनी सांगितले होते. एका बेटावर वादळात सापडलेली प्रवासलेखिका अनाथ जुळ्या मुलांना दत्तक घेऊन घरी आणते आणि त्यानंतर हत्यासत्र सुरू होते, असे तिचे कथानक आहे.

‘रेड रेन’वरील प्रतिक्रिया संमिश्र होत्या. वेगवान कथन आणि बालपणीच्या वाचनाची आठवण यांमुळे काहींना ती आवडली. छोटी प्रकरणे, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी येणारा धक्का आणि उथळ पात्रचित्रण हे बालकादंबरीचेच साचे असून त्यात फक्त रक्तपात व लैंगिक प्रसंगांची भर पडली आहे, अशी इतरांची तक्रार होती. मुलांना गोष्ट खरी नाही हे कळले पाहिजे, तर प्रौढांना ती खरी वाटली पाहिजे, हा फरक स्टाइन स्वतः मांडत आले आहेत. तक्रार करणाऱ्या वाचकांचे म्हणणे असे की, हा फरक त्यांच्या कादंबरीत पुरेसा उतरला नाही.

जे. के. रोलिंग यांची ‘द कॅज्युअल व्हेकन्सी’ ही प्रौढांसाठीची कादंबरीही सप्टेंबर २०१२ मध्येच आली. ती भयकादंबरी नव्हती, तथापि ‘हॅरी पॉटर’च्या वाचकांची अपेक्षा आणि कादंबरीतील रुक्ष वास्तव यांतील अंतर तिच्याही स्वागतात जाणवले. रोआल्ड डाल यांनी मात्र ‘समवन लाइक यू’ (१९५३) या संग्रहातून प्रौढांसाठीच्या विक्षिप्त, क्रूर कथांनी आधी नाव मिळवले आणि ‘जेम्स अँड द जायंट पीच’ (१९६१) पासून बालसाहित्यात लौकिक मिळवला.

प्रतिसादातील फरकाची कारणे

मतकरींना स्टाइन यांच्यासारख्या अपेक्षाभंगाला फारसे तोंड द्यावे लागले नाही. याची तीन कारणे संभवतात. एक, त्यांचे बाललेखन आणि प्रौढ लेखन समांतर चालू होते. ‘अमुक वर्षांनी मोठ्यांकडे वळलेला बाललेखक’ अशी त्यांची प्रतिमा कधी तयार झाली नाही. दोन, माध्यमे वेगळी होती. मुले त्यांना रंगमंचावर भेटत आणि प्रौढ वाचक छापील पानावर, त्यामुळे एका शैलीचे साचे दुसरीकडे सहज उतरले नाहीत. तीन, त्यांनी प्रौढ भय म्हणजे बालभयात रक्तपाताची भर असे मानले नाही. चेटकीण बाहेरून येते, तर गूढकथेतील भय पात्राच्या स्वभावातून येते. भयाचा उगमच बदलल्यामुळे वाचकाला ते जुन्याचे वाढीव रूप न वाटता स्वतंत्र साहित्य वाटले.

वारसा

मे २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत मतकरींचे मुंबईत निधन झाले. टाळेबंदीमुळे त्या वेळी नाट्यगृहे बंद होती. त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजलीपर लेखनात चेटकीण आणि गूढकथा या दोहोंच्या आठवणी एकत्र आल्या. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहापासून दादरच्या शिवाजी मंदिरापर्यंत मुंबई परिसरातील नाट्यगृहांत आज सुट्टीच्या दिवसांत बालनाट्याला येणारी मुले पुढे त्यांच्या गूढकथांची वाचक होऊ शकतात. एकाच लेखकाच्या हातून आधी भीतीवर हसायला आणि नंतर भीतीचा विचार करायला शिकण्याची ही संधी मराठी साहित्यात विरळ आहे.