नेताजी कागदपत्रे व बोस कुटुंबावरील पाळत

नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याविषयीच्या, अनेक दशके गोपनीय राहिलेल्या सरकारी फायली. त्यांची चर्चा मुख्यतः नेताजींच्या अखेरीच्या वादामुळे झाली. परंतु स्वतंत्र भारताच्या सरकारने आपल्याच नागरिकांवर राजकीय पाळत कशी ठेवली, याचा लेखी पुरावा म्हणूनही त्यांचे मोल मोठे आहे.

गुप्तवार्ता विभागाने (आयबी) १९४८ ते १९६८ या काळात बोस कुटुंबावर नजर ठेवली होती, हे राष्ट्रीय अभिलेखागारात आलेल्या फायलींवरून एप्रिल २०१५ मध्ये उघड झाले. ब्रिटिश अमदानीतली ही पाळत सत्तांतरानंतरही उठली नाही. कोलकात्यातील १, वुडबर्न पार्क आणि ३८/२, एल्गिन रोड या दोन घरांची पत्रे वाटेतच उघडून त्यांच्या नकला केल्या जात. नेताजींचे थोरले बंधू शरदचंद्र यांचे पुत्र अमियनाथ आणि शिशिरकुमार यांच्यावर विशेष लक्ष असे. जानेवारी १९४१ मध्ये नेताजींना एल्गिन रोडच्या घरातून रातोरात मोटारीने बाहेर काढले, ते याच शिशिरकुमारांनी.

नोव्हेंबर १९५७ मधील एक टिपण बोलके आहे. अमियनाथांनी टोकियोत काय केले, ते भारतीय वकिलातीत गेले का, नेताजींच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अस्थी ठेवलेल्या रेंकोजी मंदिरात गेले का, हे राजदूतांकडून विचारून घेण्यास पंतप्रधान नेहरूंनी परराष्ट्र सचिवांना सांगितले.

नेताजींच्या फायलींसाठी माहिती अधिकारात केलेले अर्ज परराष्ट्र संबंधांचे कारण देऊन नाकारले गेले. पुढे १८ सप्टेंबर २०१५ रोजी पश्चिम बंगाल सरकारने आपल्याकडील ६४ फायली, १२,७४४ पाने, कोलकाता पोलीस संग्रहालयात खुल्या केल्या. केंद्राने २३ जानेवारी २०१६ रोजी, नेताजींच्या जयंतीला, पहिल्या १०० फायलींच्या डिजिटल प्रती प्रसिद्ध केल्या.

सार्वजनिक अभिलेख नियम, १९९७ नुसार गोपनीय कागदांचा दर पाच वर्षांनी फेरविचार व्हावा लागतो; पण तो करते ज्याचे कागद तेच खाते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ मुळे गुप्तवार्ता विभाग त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन, एवढाच त्याला अपवाद. बोस प्रकरणात कुटुंबीय, संशोधक आणि जनमत यांचा रेटा होता. ज्यांच्यामागे असा रेटा नाही, त्या साध्या कार्यकर्त्यांवरील पाळतीचे कागदही बाहेर यायचे, तर ठरावीक मुदतीनंतर फाईल आपोआप खुली करणारी तरतूद कायद्यातच हवी.