पाठ टेकून उचललेला भार

आज व्यायामशाळेत नव्याने दाखल झालेला तरुण ज्या बाकावर सर्वांआधी उताणा होतो, तो बाक बेंच प्रेसच्या कुळकथेत पुष्कळ उशिरा अवतरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रशियन साम्राज्यातील दोर्पात येथे जन्मलेल्या जॉर्ज हाकेनश्मिट या मल्लाने ३६१ पौंडांचा भार छातीवरून वर रेटला तेव्हा त्याच्या पाठीखाली निव्वळ जमीन होती. आणि दांडा हाती देणारा साहाय्यक वा तो तोलून धरणारे खांब यांची सोय त्या काळी नसल्यामुळे, डोक्यामागचा तो बोजा चेहऱ्यावरून घरंगळवीत छातीपर्यंत आणणे हाच या पराक्रमाचा बिकट पूर्वार्ध असे. चकत्या लहान असत्या तर दांडा नाकाशीच अडला असता. हाकेनश्मिटच्या चकत्या १९ इंच व्यासाच्या होत्या, तेव्हा उच्चांकाच्या श्रेयातील काही हिस्सा लोहाराच्याही खाती जमा करणे न्याय्य ठरेल. तो उच्चांक जो नॉर्डक्विस्ट नावाच्या बलवानाने १९१६ साली ओलांडला, तोही अवघ्या २ पौंडांनी.

पळवाटाही निघाल्या. दांडा पोटावर ठेवायचा, कंबर एकाएकी उसळवून तो वर भिरकावायचा आणि खांदे व तळपाय यांवर देहाची कमान करून हात ताठ करायचे, ही रीत त्या काळी राजरोस चाले. तिच्यात बाहुबल किती आणि हिकमत किती, याचा निवाडा पंचांनाही अवघड जात असावा.

पुढे शरीरसौष्ठवाच्या उपासकांना भरदार छातीची ओढ लागली आणि बाकाचे भाग्य उजळले. जमिनीवर कोपरे टेकताच हाताची गती खुंटते. बाकावर ती धडाच्या पातळीखाली उतरतात, आणि छातीच्या स्नायूंना ताणाचा पुरा लाभ मिळतो. उभ्याने भार पेलणे हीच खरी मर्दुमकी मानणाऱ्या जुन्या जाणकारांनी या निजून करावयाच्या कसरतीला नाके मुरडली खरी; परंतु जन्मतः पायाने अधू असूनही १९५३ साली स्टॉकहोम येथे भारोत्तोलनाचा जगज्जेता ठरलेला कॅनडाचा डग हेपबर्न, यानेच बेंच प्रेसमध्ये ५०० पौंडांचा पल्ला प्रथम गाठल्यावर त्या हरकतीत फारसा दम उरला नाही.

स्पर्धांच्या नियमांनी मग पोटाच्या उसळीला मनाई केली: दांडा छातीवर निश्चल व्हावा, पंचाचा हुकूम मिळावा, मगच तो वर जावा, आणि तोवर नितंब बाकावरून तसूभरही सुटू नयेत. उभ्याच्या प्रेसला मात्र असा चोख बंदोबस्त लाभला नाही. खेळाडू कंबरेतून मागे रेलत रेलत जवळजवळ आडवे होऊ लागले, पंचांचे निकाल जुळेनासे झाले, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकार स्पर्धेतून कायमचा बाद झाला; त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन होऊन निजलेल्या प्रेसला जागतिक स्पर्धेची सनद मिळाली.