गाडीमागचा ‘एस’ म्हणजे स्पोर्ट नव्हे! टाटाच्या गाड्यांची नावं आणि व्हेरियंट वाचायचे कसे?

अकलूजमध्ये नंबर घेतलेली गाडी लगेच ओळखू येते, कारण पाटीवर एमएच-४५ असतं. सोलापूरची एमएच-१३. जिल्हा एकच, पण आरटीओ वेगळं. नंबर प्लेट वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. घोळ होतो तो प्लेटच्या वर, डिकीवर चिकटवलेल्या अक्षरांचा. एक्सझेड प्लस, क्रिएटिव्ह प्लस एस, रेसर, जीटी लाइन… घरात गाडी घ्यायची ठरली की याच अक्षरांवरून लाख-दीड लाखाचा फरक पडतो, आणि तो फरक इंजिनाचा आहे की स्टिकरचा हे बऱ्याचदा डिलिव्हरी घेऊन झाल्यावर कळतं.

पुण्याच्या टाटा मोटर्सचंच उदाहरण घेऊ, कारण या कंपनीने नावं ठेवायच्या जवळपास सगळ्या पद्धती वापरून पाहिल्यात.

१९९४ साली आलेली सुमो. नाव ऐकून जपानी पैलवान आठवतो, पण ते आलंय सुमंत मुळगावकर यांच्या नावातून. सुमंतचा ‘सु’ आणि मुळगावकरांचा ‘मो’. टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा करण्यात या माणसाचा मोठा वाटा होता. टियागोची गोष्ट उलटी. तिचं नाव आधी ‘झिका’ ठरलं होतं, ‘झिप्पी कार’वरून. २०१६ मध्ये ऐन लाँचच्या तोंडावर झिका व्हायरसची साथ जगभर गाजली आणि कंपनीला नाव बदलावं लागलं. अल्ट्रोझ हे नाव अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्यावरून सुचलेलं.

एक्सई, एक्सझेडपासून ‘फिअरलेस’पर्यंत

मॉडेलच्या नावानंतर येतो व्हेरियंट. आधी टाटाकडे एक्सई, एक्सएम, एक्सटी, एक्सझेड अशी चढती शिडी होती. कंपनीच्या पद्धतीत एक्सई सगळ्यात खालची आणि एक्सझेड प्लस वरची, एवढं लक्षात ठेवलं की भागत होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी नेक्सॉन आली आणि ही शिडी गेली. त्या जागी स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस ही नावं आली. ऐकायला भारी, पण प्युअर वरची की क्रिएटिव्ह, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. जुनी पद्धत रुक्ष होती, पण गिऱ्हाइकाच्या सोयीची होती.

त्यात शेपट्या असतात. प्लस म्हणजे काही फीचर्स जास्त. डीसीए म्हणजे ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आणि ‘एस’? भल्याभल्यांना तो स्पोर्ट वाटतो. टाटाच्या गाडीत एस म्हणजे सनरूफ. पीएस असेल तर पॅनोरॅमिक सनरूफ, म्हणजे छताला मोठी काच. इंजिनाशी त्याचा काहीही संबंध नाही. ‘डार्क’ एडिशनही तसलीच, काळा रंग आणि काळी सजावट.

मग खरी स्पोर्टी कोणती?

टाटाने खऱ्या अर्थाने तसा प्रयत्न ऑक्टोबर २०१८ मध्ये केला, टियागो जेटीपी आणि टिगोर जेटीपी आणून. कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हसोबत ही भागीदारी होती. साध्या पेट्रोल टियागोत ८५ पीएस ताकद, जेटीपीत टर्बो इंजिन आणि ११४ पीएस. शौकिनांना आवडली, पण २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि जेटीपी गेली.

जून २०२४ मध्ये आली अल्ट्रोझ रेसर. साध्या पेट्रोल अल्ट्रोझची ताकद ८८ पीएस, आधीच्या आयटर्बोची ११० आणि रेसरची १२०. टॉर्क ११५ वरून थेट १७० न्यूटन मीटर. बॉनेटवरचे पट्टे दिखाव्याचे असले तरी त्याखालचं इंजिन खरोखर वेगळं. मात्र क्षमता सगळ्यांची ११९९ सीसीच. कारण चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी कराच्या हिशेबात ‘छोटी’ धरली जाते. सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, मोठीवर ४० टक्के. म्हणून सीसी न वाढवता टर्बो लावून ताकद काढायची.

रेसरचे आर१, आर२, आर३ असे तीन व्हेरियंट आले. तिन्हींत इंजिन तेच, फरक फक्त फीचर्सचा. लाँचवेळी आर१ ची एक्स-शोरूम किंमत ९ लाख ४९ हजार, आर२ ची १० लाख ४९ हजार. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के. म्हणजे सनरूफच्या मोहात पायरी चढली की आरटीओचा आकडाही चढतो. पळण्यासाठीच घ्यायची तर आर१ पुरे होती.

आता याच्या उलट उदाहरण, चाकणमध्ये बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस. हिच्या ‘जीटी प्लस’मध्ये दीड लिटरचं १५० पीएसचं इंजिन आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘जीटी लाइन’ आली. काळी ग्रिल, जीटीची अक्षरं, पण इंजिन एक लिटरचं, ११५ पीएस. एका शब्दाने ३५ पीएस गायब! ‘लाइन’ शब्द दिसला की आधी इंजिन विचारायचं. ह्युंदाईची ‘एन लाइन’ थोडी बरी. तिच्यात सायलेन्सरचा आवाज आणि स्टिअरिंगवर काम केलेलं असतं, पण क्रेटा एन लाइनचं १६० पीएसचं टर्बो इंजिन साध्या क्रेटातही मिळत होतं.

जुनी गाडी घेताना तर डिकीवरच्या अक्षरांवर अजिबात जाऊ नका, ती बाजारात सुटी मिळतात. व्हर्टस असेल तर आरसीवरची सीसी बघा. जीटी लाइन ९९९, जीटी प्लस १४९८. अल्ट्रोझला हा उपाय चालत नाही, कारण सीसी सारखीच. तिथे आरसीवरचं आणि इन्शुरन्सच्या कागदावरचं व्हेरियंटचं नाव जुळवा, आणि गिअरच्या दांड्यावरचे आकडे मोजा. रेसरला सहा गिअर आहेत. पाचच दिसले, तर ती पट्टे लावलेली साधी अल्ट्रोझ.