नकाशाची शिक्षा

निवृत्तीनंतर माणूस काय करू शकतो याचे माझे आवडते उदाहरण जपानचे. इनो तादाताका हा तांदळाच्या मद्याचा व्यापारी. पन्नाशीला धंदा मुलाकडे सोपवून तो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, ज्योतिष-गणित शिकायला गेला. गुरू त्याच्याहून १९ वर्षांनी लहान! मग १८०० साली, वयाच्या ५५ व्या वर्षी, हा गृहस्थ देश मोजायला निघाला. १८१६ पर्यंत दहा मोहिमा झाल्या. १८१८ मध्ये तो वारला. नकाशा शिष्यांनी १८२१ मध्ये पुरा केला.

आणि शोगुनच्या सरकारने तो कुलुपात ठेवला. परदेशी माणसाला देशाचा नकाशा देणे हा मोठा गुन्हा होता. किनारा कळला की शत्रूची जहाजे येतील, ही भीती. ती अगदीच खोटी नव्हती. उत्तरेकडून रशियन येऊ लागले होते.

इनोच्या गुरूचा मुलगा ताकाहाशी कागेयासु हा सरकारी ज्योतिषी. त्याला रशियन दर्यावर्दी क्रुझेनश्टेर्नच्या प्रवासाचे पुस्तक हवे होते. ते होते झीबोल्ट या जर्मन डॉक्टरकडे. हा डचांच्या नोकरीत नागासाकीला होता. त्याने बदल्यात नकाशाची नक्कल मागितली आणि कागेयासुने दिली.

१८२८ मध्ये बिंग फुटले. कागेयासु पुढच्या वर्षी तुरुंगातच मेला. पण खटला संपायचा होता ना! म्हणून त्याचे प्रेत मिठात घालून ठेवले आणि १८३० मध्ये त्या प्रेताला शिरच्छेदाची शिक्षा फर्मावली. मुलांनाही हद्दपार केले. झीबोल्टला देशाबाहेर काढले. त्याने जप्तीपूर्वीच नक्कल करून ठेवली होती. युरोपात जाऊन त्याने जपानचा नकाशा छापला.

कागेयासु देशद्रोही का? मला तसे वाटत नाही. शेजारी काय करतोय हे देशाला कळावे म्हणूनच त्याला ते पुस्तक हवे होते. कायदा मात्र त्याने मोडला, हेही खरे.

गंमत पुढेच आहे. १८६१ मध्ये इंग्रजांचे जहाज किनारा मोजायला आले, तेव्हा त्याच सरकारने इनोचा नकाशा आपल्या हाताने त्यांना दिला. तो इतका अचूक निघाला की त्यांचे बरेचसे काम वाचले. सरकारजवळची मूळ प्रत १८७३ च्या आगीत जळाली. इनोच्या घराण्याची प्रत १९२३ च्या भूकंपात गेली. २००१ मध्ये मोठ्या नकाशाच्या २१४ पैकी २०७ तुकड्यांच्या नकला सापडल्या. कुठे? अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात.

ज्या नकलेपायी माणसाचा जीव गेला, तसल्याच नकलांनी अखेर नकाशा वाचवला.